भिंतीतील संगणक आणि विश्वासाचा प्रश्न : सुगत मित्रा यांच्या शैक्षणिक कार्याची चिकित्सा

प्रास्ताविक

ई-लर्निंगविषयीच्या जागतिक चर्चेत ज्या थोड्या भारतीय अभ्यासकांचा उल्लेख वारंवार होतो, त्यांत डॉ. सुगत मित्रा यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९५२ साली कोलकाता येथे जन्मलेले मित्रा मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. दिल्लीच्या आयआयटीतून घनावस्था भौतिकीत पीएच.डी. संपादन केल्यानंतर ते एनआयआयटी या संगणक प्रशिक्षण संस्थेत संशोधनाकडे वळले. २००६ पासून त्यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचे प्राध्यापक म्हणून काम केले आणि २०१३ मध्ये दहा लाख डॉलरच्या टेड पुरस्काराने त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली. विकास स्वरूप यांच्या २००५ सालच्या ज्या कादंबरीवर पुढे ‘स्लमडॉग मिलिऑनेर’ हा चित्रपट निघाला, तिची प्रेरणा मित्रा यांच्या प्रयोगात होती, असे स्वतः स्वरूप यांनी सांगितले आहे. एखाद्या शिक्षणविषयक प्रयोगाने इतका लांबचा प्रवास केल्याचे उदाहरण विरळाच.

मित्रा यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : मुलांना संगणक, इंटरनेट आणि परस्परांची सोबत मिळाली, तर प्रौढांनी न शिकवताही ती शिकतात. हे प्रतिपादन आकर्षक आहे आणि ते सर्वस्वी निराधारही नाही. मात्र ‘शिकतात’ या एका क्रियापदात किमान तीन वेगळ्या गोष्टी एकवटल्या आहेत. यंत्र हाताळता येणे ही पहिली, यंत्रावर दिसलेला मजकूर समजणे ही दुसरी आणि तो मजकूर विश्वासार्ह आहे की नाही हे ठरविता येणे ही तिसरी. माध्यम साक्षरता या संज्ञेने जे अभिप्रेत असते त्याचा गाभा तिसऱ्या गोष्टीत आहे. मित्रा यांच्या संशोधनाने पहिली गोष्ट सिद्ध केली, दुसरी काही अटींवर दाखविली आणि तिसरी जवळजवळ गृहीत धरली, असे त्यांच्या कार्याचा क्रम पाहता म्हणावे लागते.

‘सुई’, ‘डमरू’ आणि ‘चॅनेल’

२६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी येथे, एनआयआयटीचे कार्यालय आणि लगतची झोपडपट्टी यांना विभागणाऱ्या भिंतीला भगदाड पाडून त्यात एक संगणक बसविण्यात आला. त्याला इंटरनेटची जोडणी होती. शिकविणारे कोणी नव्हते. पडद्यावरील भाषा इंग्रजी होती आणि समोर जमलेल्या मुलांपैकी बहुतेकांना ती येत नव्हती. अल्पावधीतच मुले खिडक्या उघडू-मिटू लागली, चित्रे काढू लागली, संकेतस्थळांवर फिरू लागली. पुढे मध्य प्रदेशातील शिवपुरी आणि उत्तर प्रदेशातील मदनतुसी येथे तसेच प्रयोग झाले. या पद्धतीला मित्रा यांनी शल्यचिकित्सेतील परिभाषेच्या धर्तीवर ‘किमान हस्तक्षेपी शिक्षण’ असे नाव दिले.

या प्रयोगाच्या नोंदींतील सर्वांत मोलाचा भाग मुलांनी घडविलेल्या शब्दांचा आहे. पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला मुले ‘सुई’ म्हणत. संगणक काम करीत असताना दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला त्यांनी ‘डमरू’ हे नाव दिले. वाळूचे घड्याळ त्यांनी कधी पाहिले नव्हते, डमरू पाहिला होता. मित्रा यांनी यातून काढलेला निष्कर्ष रास्त आहे. कार्यात्मक ज्ञान परिभाषेवाचून येऊ शकते आणि मूल आपल्या अनुभवातील प्रतिमेच्या आधाराने अपरिचित यंत्राशी सलगी करते. संगणक ही उच्चशिक्षितांची मिरास आहे, ही त्या काळची समजूत या एका ‘डमरू’ने मोडीत काढली. त्याचे श्रेय मित्रा यांना निःसंकोचपणे दिले पाहिजे.

परंतु त्याच नोंदींत आणखी एक शब्द येतो. संकेतस्थळाला मुले ‘चॅनेल’ म्हणत. या शब्दाकडे मित्रा यांच्या चाहत्यांनी व टीकाकारांनीही पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. ‘सुई’ आणि ‘डमरू’ हे शब्द यंत्राच्या वर्तनाचे वर्णन करतात, आणि ते अचूक करतात. ‘चॅनेल’ हा शब्द मात्र माध्यमाच्या स्वरूपाविषयी एक मत व्यक्त करतो. दूरचित्रवाणीची वाहिनी जशी कोणी तरी चालविते आणि आपण ती पाहतो, तसेच हेही, असे ते मत आहे. झोपडपट्टीतील मुलाने दूरचित्रवाणीच्या अनुभवावरून इंटरनेट समजून घेतले यात नवल नाही, ती बुद्धिमत्तेचीच खूण आहे. पण संकेतस्थळ कोणीही उभारू शकतो, त्यामागे जाहिरातदार असू शकतो, त्यावरील मजकुराची कोणी तपासणी केलेली असेलच असे नाही, या गोष्टी ‘चॅनेल’ या शब्दात मावत नाहीत आणि सोबतच्या मुलांच्या घोळक्यातून त्या आपोआप बाहेर येण्याचे कारणही नाही. घोळक्यातील सर्वांचा अनुभव एकच असतो. यंत्र चुकीचे हाताळले तर ते लगेच दाद देत नाही. त्यामुळे हाताळणी चुकांतून सुधारते. खोट्या माहितीवर विश्वास ठेवला तर पडद्यावर काहीच बिघडत नाही.

प्रसार आणि पडताळणी

२००१ मध्ये या प्रयोगासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि तिला जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे साहाय्य मिळाले. ग्रामीण भारतातील १७ ठिकाणच्या मुलांचा अभ्यास मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पडद्यावरील चिन्हे ओळखण्याची चाचणी हे मोजमापाचे प्रमुख साधन होते. अर्थात जे मोजले गेले ते हाताळणीचे कौशल्य होते आणि त्याचे निष्कर्ष अनुकूल आले.

महाराष्ट्राचा संबंध येथे येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही गावांत बसविलेल्या संगणकांचा परिमला इनामदार यांनी अभ्यास केला. कोणी न शिकवता संगणक वापरू लागलेली मुले आठवीची संगणक विषयाची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकतात, असे २००४ मधील त्यांच्या निबंधात दिसून आले. २००७ मध्ये सहलेखनात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच गावांच्या शाळांतील, संगणक वारंवार वापरणाऱ्या मुलांची गणितातील प्रगती इतरांहून लक्षणीय असल्याचे नोंदविले गेले. जी मुले आपणहोऊन वारंवार संगणकाकडे जातात ती मुळातच अधिक जिज्ञासू असतील, ही शंका अशा तुलनेत पूर्णतः फिटत नाही. तरीही हे काम काळजीपूर्वक केलेले असून या संपूर्ण चळवळीतील भक्कम पुराव्यांत त्याची गणना करावी लागेल.

दुसऱ्या बाजूची साक्षही नोंदविणे आवश्यक आहे. मार्क वॉरशॉअर या अमेरिकी अभ्यासकाने २००३ मधील आपल्या ‘टेक्नॉलॉजी अँड सोशल इन्क्लुजन’ या ग्रंथाच्या आरंभीच दिल्लीतील अशा केंद्राचे वर्णन केले आहे. इंटरनेटची जोडणी क्वचितच चालत होती, हिंदीत मजकूर नव्हता, मुलांचा बहुतेक वेळ चित्रे रंगविण्यात आणि खेळांत जात होता आणि काही पालक अभ्यास बुडतो म्हणून नाराज होते. पायल अरोरा यांनी २०१० मध्ये उत्तराखंडातील अल्मोडा आणि हवालबाग येथील केंद्रांविषयी लिहिले, तेव्हा तेथे संगणक उरलेले नव्हते. ज्या प्रयोगाची जगभर वाखाणणी होत होती त्याची गावातील स्मृतीही पुसट झाली होती. यंत्राची देखभाल, विजेची व्यवस्था, शाळेशी असलेले नाते या गोष्टी ‘हस्तक्षेप’ या सदरात मोडत असतील, तर किमान हस्तक्षेपाचा अर्थ प्रत्यक्षात किमान जबाबदारी असा होतो, हे अरोरा यांच्या टीकेतून सूचित होणारे सत्य आहे.

कालीकुप्पम : एक निबंध आणि एक भाषण

मित्रा यांच्या कारकिर्दीतील निर्णायक प्रयोग दक्षिण भारतातील कालीकुप्पम या गावचा. तमिळ बोलणारी मुले इंग्रजीतील जैवतंत्रज्ञान स्वतःच्या बळावर शिकू शकतील काय, असा प्रश्न मित्रा यांनी मुद्दाम अशक्यप्राय वाटावा असा मांडला. टेडच्या व्यासपीठावरील त्यांच्या कथनानुसार मुलांचे गुण आरंभी शून्य होते, दोन महिन्यांत ते ३० टक्क्यांवर गेले. पुढे मुलांच्या ओळखीच्या, लेखापालाचे काम करणाऱ्या २२ वर्षांच्या एका तरुणीला त्यांनी विनंती केली. तिला विषय येत नव्हता. तिने केवळ मुलांच्या मागे उभे राहून आजीसारखे कौतुक करायचे होते आणि हे तुम्ही कसे केले असे विचारायचे होते. गुण ५० टक्क्यांपर्यंत पोहोचले.

हाच प्रयोग मित्रा आणि रितू डंगवाल यांनी २०१० मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला. त्या निबंधाच्या शीर्षकातील पहिला महत्त्वाचा शब्द ‘मर्यादा’ हा आहे. स्वयंसंघटित अध्ययनाला मर्यादा असतात. केवळ संगणकाच्या आधाराने मुले जवळच्या सामान्य सरकारी शाळेच्या पातळीपर्यंत जातात. मध्यस्थ मिळाल्यावर दिल्लीतील उत्तम खासगी शाळेची बरोबरी करतात, असा त्याचा आशय. निबंधाचा सूर संयत आहे आणि निष्कर्ष अटींसह दिलेला आहे. व्यासपीठावर मात्र तीच कहाणी शिक्षकावाचून घडलेल्या चमत्काराची होते आणि तीन वर्षांनी पुरस्काराच्या भाषणात आजची शाळा ही ब्रिटिश साम्राज्याच्या नोकरशाहीसाठी घडविलेली, आता कालबाह्य झालेली यंत्रणा ठरते. निबंध वाचणारे हजारांत असतील, भाषण ऐकणारे लाखांत आहेत. धोरणकर्ते बहुधा दुसऱ्या वर्गात मोडतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यात एक बोचरा विरोधाभास आहे. स्वतः मित्रा यांच्या कार्याविषयी योग्य मत बनविण्यासाठीसुद्धा भाषण बाजूला ठेवून मूळ निबंध काढून पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय कोणी तरी लावावी लागते.

कालीकुप्पमनंतर प्रौढ व्यक्ती मित्रा यांच्या मांडणीत निरनिराळ्या नावांनी परत येत राहिली. २००९ पासून ब्रिटनमधील निवृत्त शिक्षिका व इतर स्वयंसेवक स्काइपवरून भारतीय मुलांशी बोलू लागले. हा उपक्रम ‘ग्रॅनी क्लाउड’ म्हणून प्रसिद्ध झाला. ‘स्वयंसंघटित अध्ययन परिसर’ या नंतरच्या पद्धतीत चार-पाच मुलांचा गट एका संगणकाभोवती बसतो, गट बदलण्याची आणि दुसऱ्याचे पाहण्याची मुभा असते आणि शिक्षक एक ‘मोठा प्रश्न’ देऊन बाजूला होतो. प्रश्न निवडणे हे शिक्षणातील सर्वांत अवघड काम होय, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल. त्यास ‘बाजूला होणे’ म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला.

तीन क्षमता

पुढील काळातील व्याख्यानांत मित्रा यांनी मुलाला आवश्यक अशा तीन क्षमता सांगितल्या : आकलनासह वाचन, माहितीचा शोध, आणि कशावर विश्वास ठेवावा हे ठरविण्याची विवेकी पद्धती. ही यादी त्यांच्या विचाराच्या प्रगल्भतेची साक्ष देते. पोथीबद्ध शिकवणीपासून मुलाचे रक्षण तिसऱ्या क्षमतेमुळेच होईल, हेही त्यांनी ओळखले. अडचण एवढीच की, पहिल्या दोन क्षमतांविषयी त्यांच्यापाशी प्रयोग आहेत. तिसरीविषयी आशावाद आहे. गटातील मुले बहुधा योग्य उत्तरापर्यंत पोहोचतात, हा त्यांचा अनुभव येथे आधार म्हणून पुढे येतो. पण तो अनुभव कोणत्या प्रश्नांवर आला हे पाहावे लागेल. इटलीतील तुरिन येथे त्यांनी मुलांना पायथागोरस कोण होता असे विचारले, आणि थोड्याच वेळात पडद्यांवर काटकोन त्रिकोण दिसू लागले. पायथागोरसविषयी खोटे पसरविण्यात कोणाचा स्वार्थ नाही. शोधयंत्राचे पहिले उत्तर, गटाचे एकमत आणि सत्य ही तिन्ही अशा प्रश्नात एकाच ठिकाणी मिळतात. लस सुरक्षित आहे काय, गावात मुले पळविणारी टोळी आली आहे काय, अशा प्रश्नांत ती फुटतात.

या संदर्भात स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांचे काम मित्रा यांच्या कामाशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. २०१६ च्या त्यांच्या अहवालात अमेरिकेतील १२ राज्यांतून मिळालेल्या ७,८०४ विद्यार्थी-प्रतिसादांचा अभ्यास होता. माध्यमिक पूर्व स्तरावरील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना ‘प्रायोजित’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात बातमी वाटली. ही मुले संगणकासह वाढलेली होती, हाताळणीत ती कोठेही कमी नव्हती. २०१७ मध्ये याच गटाने १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस, १० इतिहासकार आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांची तुलना केली. इतिहासकार व विद्यार्थी समोरचे पान वरून खाली वाचत बसले आणि त्याच्या रुबाबदार मांडणीला भुलले. तपासनीस मात्र ते पान सोडून लगेच बाहेर पडले आणि त्या पानाच्या कर्त्याविषयी इतर काय म्हणतात ते पाहू लागले. प्राध्यापकांनाही जी रीत साधली नाही ती भिंतीपुढच्या घोळक्याला आपोआप साधेल, असे मानण्यास आधार सापडत नाही. ही रीत शिकविता येते, हे मात्र त्याच गटाच्या पुढील कामातून दिसले आहे.

हा प्रश्न परदेशातील विद्यापीठांपुरता नाही. ‘असर २०२३’ या अहवालात २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांमधील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. परंतु सुमारे एक चतुर्थांश मुले आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर अस्खलित वाचू शकत नव्हती. मित्रा यांच्या पहिल्या सिद्धान्ताचा याहून मोठा विजय कल्पिता येणार नाही. सबंध ग्रामीण भारत कोणी न शिकवता यंत्र हाताळावयास शिकला. त्या विजयाची दुसरी बाजू १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात दिसली. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेमुळे राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार मारले. संदेश पाठविणाऱ्यांना फोन चालविता येत होता. एकमेकांना दाखविणे, विचारणे, पुढे पाठविणे हे समवयस्कांचे अध्ययन तेथे पूर्ण कार्यक्षमतेने चालू होते. त्याच महिन्यात कंपनीने भारतात संदेश एका वेळी पाच जणांनाच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा यंत्राला घालणे सोपे होते.

फलटण

टेड पुरस्काराच्या निधीतून मित्रा यांनी सात प्रयोगशाळा उभारल्या : पाच भारतात, दोन इंग्लंडमध्ये. त्यांपैकी सुंदरबनातील कोराकाटी येथील प्रयोगशाळेच्या वाट्याला दुर्गमतेमुळे जोडणीच्या अडचणी आल्या. जेरी रॉथवेल यांच्या २०१८ च्या माहितीपटातून त्या अनेकांपर्यंत पोहोचल्या. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची प्रयोगशाळा फलटणची. ती प्रगत शिक्षण संस्थेच्या परिसरात, म्हणजे कमला निंबकर बालभवन या शाळेच्या सान्निध्यात उभी राहिली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाविज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी ही संस्था १९८० च्या दशकात सुरू केली. मराठी माध्यम, वंचित व सुस्थित मुलांचे एकत्र शिक्षण आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाचन शिकविण्याची विचारपूर्वक बांधलेली पद्धत, ही तिची ओळख. मुले बोलता बोलता वाचू लागत नाहीत. अक्षर, शब्द आणि अर्थ यांची सांगड शिक्षकाला रोज घालून द्यावी लागते, या जाणिवेवर तेथील काम उभे आहे.

मित्रा यांचा ‘ढगातील वर्ग’ अशा शाळेच्या अंगणात यावा, हा योगायोग बोलका आहे. तेथे एखाद्या गटाने मोठ्या प्रश्नाचे उत्तर चांगले शोधले असेल, तर त्यामागे वर्षानुवर्षे वाचावयास शिकविणाऱ्या शिक्षिका आहेत, प्रश्न विचारल्याबद्दल मुलाला गप्प न बसविणारी वर्गाची रीत आहे. त्या प्रयोगशाळेचे यश शिक्षकांच्या अनुपस्थितीच्या खात्यावर मांडता येत नाही. उलट, बालभवनासारखी शाळा जेथे नाही तेथे हाच संच ठेवल्यास काय उरते, हे अल्मोड्याने दाखविले आहे.

मित्रा यांच्या पद्धतीत माध्यम साक्षरतेला जागा नाही असे मात्र नाही. जागा आहे, ती त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. कालीकुप्पममधील तरुणी मुलांच्या मागे उभी राहून ‘हे तुम्ही कसे केले?’ असे विचारीत होती. विषयाचे ज्ञान नसतानाही तेवढ्या प्रश्नाने गुणांत फरक पडला. त्याच जागी उभे राहून ‘हे तुम्हाला कोणी सांगितले, आणि त्याला ते कसे ठाऊक?’ असे विचारणाऱ्या व्यक्तीचा प्रयोग मित्रा यांनी केला नाही. केरळातील कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सरकारी शाळांतून खोट्या बातम्यांविषयी जे वर्ग घेतले गेले, त्यांत शिक्षक नेमका हाच प्रश्न घेऊन मुलांपुढे उभे होते.